तळ्याच्या पाण्याची बाधा

पोहणाऱ्या लोकांकडे पोहण्याचे किस्से असतील असं सगळ्यांना वाटतं. आमच्याकडे आहेत ते जुलाबाचे, कानदुखीचे आणि तापाचे. वसईत आम्ही पाच-सहा जण रोज सकाळी एका तळ्यात पोहतो आणि रविवारी समुद्रात. तळ्याचं नाव सांगत नाही, उगाच तुम्ही उतराल आणि दोष मला द्याल. आमच्यातले दोघे भेटले की एक किस्सा निघतो, आणि तो संपायच्या आत दुसऱ्याला आपलं आजारपण आठवतं.

*

चंदनसारचे देशपांडे पाण्याच्या बाबतीत भलतेच कडक. पाणीपुरी नाही, उसाचा रस नाही, लग्नातसुद्धा घरचं उकळलेलं पाणी बाटलीतून नेणार. तळ्यावरही ती बाटली काठावर ठेवलेली असते.

एकदा त्यांचं पोट बिघडलं. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं पाणी प्यायलात का?"

"शक्यच नाही."

मी शेजारीच बसले होते, तीच तक्रार घेऊन. म्हटलं, "देशपांडे, काल तळ्यात किती वेळा तोंडात पाणी गेलं तुमच्या?"

"ते गेलं," देशपांडे म्हणाले. "मी प्यायलो नाही."

*

जूचंद्रची रेश्मा पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिने हट्टाने तळ्याचं पाणी तपासून आणलं आणि काठावर उभं राहून रिपोर्ट वाचून दाखवला. हे पाणी आंघोळीलासुद्धा योग्य नाही!

मग देशपांडे म्हणाले, "आंघोळ मी घरूनच करून येतो." आणि त्यांनी सूर मारला.

*

कान दुखायला लागल्यापासून देशपांडे इअरप्लग घालतात. एका सकाळी म्हशी तळ्यात उतरल्या. आम्ही ओरडत बाहेर पळालो. देशपांड्यांना काहीच ऐकू आलं नाही. ते झकास फ्रीस्टाइल मारत थेट कळपात घुसले आणि एका म्हशीच्या पाठीवर हात टेकून दम खात उभे राहिले.

बाहेर आल्यावर म्हणाले, "मला वाटलं, आपले पास्कू अंकल आहेत."

*

मोठा पाऊस झाला की दोन-तीन दिवस समुद्रात उतरायचं नाही, कारण नाल्यांतलं सगळं तिकडेच जातं. हा नियम रेश्माचा. एका रविवारी ती गावाला गेली होती, म्हणून आम्ही तो मोडला.

सोमवारी ग्रुपवर एकेकाचे मेसेज आले. कुणाला ऑफिसचं काम, कुणाकडे पाहुणे. दुपारी मी मेडिकलमध्ये ओआरएस घ्यायला गेले तर पाहुणे आणि ऑफिस दोन्ही तिथेच रांगेत उभे होते. आम्ही तिथेच सेल्फी काढला. इतक्या हजेरीचा आमचा दुसरा फोटो नाही.

*

आता पास्कू अंकल. पापडीला त्यांची केळी-नारळाची वाडी आहे, वय सत्तरीच्या पुढे. मागच्या वर्षी त्यांना कावीळ झाली तेव्हा त्यांच्या बायकोने, मार्था आंटींनी, त्यांचं तळ्यावर जाणं बंद करून टाकलं होतं. तेव्हापासून अंकल रोज "चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला जातो" सांगून निघायचे आणि तळ्यावर यायचे. आम्हा सगळ्यांकडून त्यांनी गप्प राहायचं वचन घेतलं होतं.

यंदा पावसाळ्यात वाडीत काम करताना त्यांच्या पायाला कोयता लागला. जखम घेऊन उतरू नका, असं रेश्माने बजावलं. अंकलनी पायाला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि उतरले. बाहेर आले तेव्हा पिशवी पाण्याने टम्म फुगली होती.

"वा अंकल," रेश्मा म्हणाली, "थोडं तळं घरी न्यायला घेतलंत वाटतं."

पुढच्या आठवड्यात आंटींचा फोन आला. अंकलना सणकून ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखतात की उभं राहवत नाही. मी गाडी काढली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. मलेरिया, डेंग्यू, काही निघालं नाही. डॉक्टर नवीन होते, त्यांना आमचे प्रताप माहीत नव्हते.

"तळ्याच्या, डबक्याच्या पाण्यात उतरला होतात का? नीट आठवून सांगा. लेप्टो असेल तर औषध आत्ताच सुरू करावं लागेल. उशीर झाला तर किडनीवर जातं."

अंकलनी उशाशी बसलेल्या आंटींकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही."

मला त्यांचा रागही आला आणि भीतीही वाटली. गेलं वचन खड्ड्यात, असं म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात आंटीच बोलल्या.

"रोज उतरतो, डॉक्टर. मिस्साला जातो सांगतो आणि परत येतो तेव्हा कानामागे शेवाळ असतं. पायाला जखम होती तेव्हाही गेला. औषध सुरू करा."

अंकलनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी नर्सला हाक मारली आणि सलाईन लावायला घेतलं. (अंकल आता ठणठणीत आहेत, म्हणून तर हसत सांगतेय.)

"तुम्हाला माहीत होतं, तर अडवलं का नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

आंटींनी अंकलच्या अंगावरची चादर नीट केली.

"चोरून पोहून येतो, म्हणून दिवसभर माझं ऐकतो," त्या म्हणाल्या. "परवानगी दिली असती तर ऐकलं असतं होय?"