तिसऱ्या भागातली गाळलेली प्रकरणं

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे. तिसऱ्या भागात सातव्या प्रकरणानंतर थेट अकरावं येतं. मधली तीन कुणाकडून तरी लिहून घेऊ, असं प्रकाशकांनी सुचवलं. मी नको म्हणाले. का, ते तुम्हाला ठाऊक असावं.

आजोबा कंपनीत सुटे भाग तपासायचे आणि जेवणाच्या सुट्टीत तळ्याखालच्या राज्याची गोष्ट लिहायचे, तीही रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या कोऱ्या पाठीवर. भोसरीच्या जुन्या कंपनीत असे कागद घरी न्यायची मुभा होती. आमच्या कॉलनीतल्या पोरांच्या रफ वह्या त्याच कागदांच्या असत. चाकणच्या नव्या कंपनीत तसं चालत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तीन प्रकरणं पुरी झाली, तशी ती पिशवीत घालून ते घरी निघाले.

त्या दुपारी पहिल्या शिफ्टची बस आली, आजोबा आले नाहीत. त्यांच्या सहकाऱ्याचा फोन आला, "काकू, काकांना गेटवर धरलंय. चोरीचं म्हणतायत."

निवृत्ती तोंडावर आली होती. मी रिक्षा करून चाकणजवळ निघोज्यातली कंपनी गाठली. फोटो काढू नयेत म्हणून गेटवर पहारेकऱ्यांनी माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावलं. केबिनमध्ये सुरक्षा अधिकारी आजोबांनी काढलेल्या तळ्याखालच्या राज्याच्या नकाशावर बोट ठेवून विचारत होते, "हे धगद्वार म्हणजे कुठला प्लँट?"

"ती नागांची भट्टी आहे," आजोबा म्हणाले.

"कुठल्या कंपनीची?"

मला हसू आलं नाही.

मॅनेजर शांतपणे म्हणाले, "काका, तुमची गोष्ट चांगली असेल. पण मागे आमच्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आहे. कागद इथंच श्रेडरमध्ये टाका, विषय मिटला. नाहीतर पोलीस."

"मजकुराचा फोटो तरी काढू द्या," मी म्हणाले. "नाहीतर उतरवून घेते."

"मॅडम, काय उतरवलंत ते कोण तपासणार?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी कागदांच्या कडा जुळवल्या आणि एकेक कागद यंत्रात सोडू लागले. शेवटचा हातात असताना दाराशी उभा असलेला पहारेकरी म्हणाला, "काका, मगाशी झडती घेताना वाचलं मी. ती नावाडीण बुडाली व्हय?"

"न्हाई रे," आजोबा त्याच्याच बोलीत म्हणाले. "तिनं नाव पालथी घातली, आतल्या हवेवर तळ गाठला, अन् राजाला सांगितलं, वर अजून उजेड हाय."

मग तो कागदही गेला.

घरी मी म्हणाले, आठवतंय तोवर पुन्हा लिहा. ते म्हणाले, "आता आठवून लिहिलं तर ती गोष्ट उरणार नाही, जबानी होईल." पुस्तक त्यांनी हट्टानं तसंच छापायला दिलं.

त्या तीन प्रकरणांतलं, पहारेकऱ्याला सांगितलं तेवढंच उरलं आहे.