काळ्या ओकपासून ओढ्यापर्यंत

अमेरिकेत एडिसनला घर घेतल्यावर मी शनिवारी इथल्या इतिहास मंडळात जायला लागले. पेशाने मी सिव्हिल इंजिनिअर. जुनं हस्ताक्षर वाचायचा नाद नवा. मंडळाच्या प्रमुख बाईंनी माझ्यापुढे एका जमीनदाराची पत्रं ठेवली. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली तेव्हाचा हा माणूस, आणि आमच्या बाजूची बरीचशी जमीन त्याची. भावाला लिहिताना दाढ ठणकते, सफरचंदं किडली, शेजारी बांध कोरतो, असं सगळं तो एका दमात लिहायचा. सोबत त्याची खरेदीखतंही होती.

एका खतात जमिनीची हद्द दिली होती. काळ्या ओकच्या झाडापासून ओढ्यापर्यंत, ओढ्याच्या दुहेरी वळणावरून दगडापर्यंत. मी खुर्चीत ताठ बसले. तसं वळण घेणारा ओढा आमच्या घरामागे आहे, सॉकरच्या मैदानापलीकडच्या झाडीत!

घरी येऊन हद्द आजच्या नकाशावर काढली, तर जुळेना. ओढ्याची रेघ ओढ्यावर बसायची सोडून हायवेवर जाऊन पडत होती. मग लक्षात आलं, खतातल्या दिशा होकायंत्राने घेतलेल्या, आणि होकायंत्राची उत्तर दिशा काळाबरोबर सरकते. तो फरक धरला आणि रेघ बरोब्बर जागेवर आली. मी इतक्या जोरात ओरडले की थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला कॉलेजमधून आलेली लेक जिना उतरून धावत आली.

नागपूरला बाबांना फोन केला. ते भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. जमिनीचा विषय निघाला की त्यांचा आवाज तरुण होतो. म्हणाले, आधी ओढा गाठ, दगड माणसं हलवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला घेऊन झाडीत शिरले. पानं गळून गेली होती, त्यामुळे लांबपर्यंत दिसत होतं. मी फोनवरच्या नकाशात डोकं घालून चालत होते, तेवढ्यात ती मागून म्हणाली, “आई, स्टॉप. डोन्ट मूव्ह.”

मी त्या दगडावरच पाय ठेवला होता. आम्ही दोघींनी गुडघ्यांवर बसून पानं बाजूला केली, शेवाळ खरवडलं. खाली छिन्नीने कोरलेलं एक अक्षर निघालं, जमीनदाराच्या आडनावाचं पहिलं. लेकीने माझे खांदे धरून मला गदागदा हलवलं.

तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी कॅमेरा जवळ न्यायला सांगितला, अक्षर नीट बघून घेतलं. मग म्हणाले, “माझे आजोबा शिवेच्या वादात साक्षीला जायचे. त्यांनी पाय ठेवला ती शीव, असं गाव मानायचं. आणि घर मात्र वेशीबाहेर.”

ते ऐकून मला त्या पत्रांतली एक ओळ आठवली. जमीनदाराने भावाला कळवलं होतं की दगड रोवताना आपला गुलाम सोबत होता, पुढेमागे तंटा झाला तर त्याला विचार. मी ती दोघांना सांगितली. लेकीने विचारलं, त्याचं नाव काय? मी म्हटलं, लिहिलेलं नाही.

“देन वी फाइंड इट,” ती म्हणाली.

मंडळाच्या बाईंनी येऊन दगड बघितला, नकाशावर खूण केली आणि उरलेल्या पत्रांचे स्कॅन आनंदाने लेकीला दिले. हिवाळाभर ती कॉलेजातून वाचत राहिली. वसंतात, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना तिचा फोन आला. सहसा ती मेसेज करते, म्हणून मी घाबरून बाहेर आले. ती भराभर बोलत होती. एका पत्रात जमीनदाराने भावाकडून बूट मागवले होते, दगड रोवायला आला होता त्याच्यासाठी, आणि या वेळी नाव घालून. तिने मला ते वाचून दाखवलं. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून मोठ्याने म्हणून पाहिलं. मग तिने विचारलं, “आजोबांना मी सांगू? मराठीत सांगते.”