मापाडी नानांची उपांत्य फेरी

मापाडी नानांच्या तोंडी 'एक' हा आकडा नव्हता. पोती मोजताना पहिल्या पोत्याला ते 'लाभ' म्हणत, मग दोन, तीन, चार. मापाड्यांची ही जुनीच रीत, पण नानांनी ती काट्यावरून उचलून सगळ्या संसारात नेली होती. माझ्या दुकानाच्या बाकावर बसले की हाक मारत, "भाचा, लाभ चहा!" नवखं गिऱ्हाईक त्यांच्या तोंडाकडे बघत राही. मी आपला एक कप भरून पुढे सरकवत असे.

जळगावच्या बाजार समितीच्या आवारात माझ्या मामाचं चहाचं पत्र्याचं दुकान होतं. बी.कॉम.ला दोनदा आपटलो, तेव्हा मामानं मला कॉलरला धरून तिथं बसवलं. मामाचा भाचा म्हणून हमालांपासून शेठजींपर्यंत सगळ्यांचाच मी भाचा झालो. क्रिकेट म्हणजे माझा जीव की प्राण. नुकताच वर्ल्ड कप घरी आलेला, त्यामुळे आवारातलं सगळं जग माझ्या बाजूचं होतं. उलट बाजूला नाना एकटे.

नाना मूळचे नरडाण्याकडचे. तरुणपणी भुसावळला रेल्वेत असलेल्या काकांकडे राहिले आणि तिथल्या मैदानावर फुटबॉलचं वेड घेऊन आले. बचावाला खेळायचे म्हणे. गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला, पण वेड काही सुटलं नाही. आता पिंप्राळ्यात बिऱ्हाड होतं. तिथून रोज सकाळी सायकलवर यायचे, एक पाय जरा ताठ ठेवून पायडल मारायचे. मी हसलो की म्हणायचे, "हास, हास. ह्या गुडघानी तीन गोल अडायेल शेतस."

काट्यावर मात्र त्यांना कुणी हसत नसे. हमालांनी पोतं ठेवलं की नाना काट्यापासून हातभर लांब उभे राहत. काटा पुरता थांबेपर्यंत तोंडातून आकडा काढत नसत. कुणी घाई केली तर एकच वाक्य, "काटा हाले तवलोंग आकडा बोलानं नही." शेतकरी लांबून येऊन विचारत, नाना आज कोणत्या ओट्यावर आहेत? हीच गोष्ट अप्पांना खुपायची. अप्पा खालच्या ओळीतले अडत्ये. माणूस वाईट नव्हता, पण नानांच्या काट्यावर त्यांना कधी पाव किलोचंही झुकतं माप मिळालं नव्हतं. त्यांना तिथं आपला माणूस हवा होता.

त्या वर्षी भारताचा फुटबॉल संघ कलकत्त्याच्या पात्रता सामन्यांत पाकिस्तानला हरवून आशिया चषकाला निघाला. आवारात कुणाला पत्ता नाही. नानांच्या अंगात मात्र वारं शिरलं. ज्वारीचा हंगाम ऐन रंगात, गाड्या फाटकापर्यंत लागलेल्या, आणि हे पोत्यांवर मार्का मारायचा काळ्या रंगाचा डबा न् कुंचला घेऊन माझ्या दुकानात हजर! मला न विचारता त्यांनी पत्र्याच्या भिंतीवर संघाचा रस्ता, म्हणजे गटातल्या चारही सामन्यांचा अंदाज, लिहायला घेतला.

"सिंगापूर, जीत. अमिराती, जीत. इराण, बरोबरी. चीन, हार." कंसात जिंकल्याचे दोन गुण, बरोबरीचा लाभ. बेरीज पाच. खाली जाड अक्षरात लिहिलं, 'भारत उपांत्य फेरीत', आणि सही ठोकली.

"नाना, चीनकडून हरणार हे आधीच लिहिलंत?" मी विचारलं.

"वला माल शे भाऊ. कडता कापनाच पडस." ओल्या धान्याचं वजन वजा धरतात, तसा त्यांनी चीनचा सामना वजा धरला होता. "आपला म्हनीसन जास्त मोजानं नही."

"आणि इराणशी बरोबरी? अहो, तो केवढा तगडा संघ!"

"म्हनीसनच आपला पोरं तठे जीव लावतीन."

अप्पा चहा पीत होते. त्यांना आयतीच संधी मिळाली. कप ठेवून म्हणाले, "नाना, एवढी खात्री आहे तर पैज लावा. संघ उपांत्य फेरीत नाही गेला, तर माझ्या ओट्यावरचा काटा सोडायचा. ज्याला संघाचं वजन कळत नाही त्याला पोत्याचं काय कळणार?"

बाकावरची माणसं हसली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. नानांचा चेहरा लाल झाला. त्यांनी कुंचला अप्पांच्या हातात दिला. "लिखा. तुमना हातनं लिखा, आनि सही करा." अप्पांनीही हौसेनं लिहिलं, 'संघ पडला तर नानांचा काटा बंद', आणि झोकात सही केली. तो ओटा म्हणजे नानांचं निम्मं काम होतं. पण कामापेक्षा त्यांना लागलं होतं ते अप्पांचं 'पोत्याचं काय कळणार' हे वाक्य. त्यांचं माप खोटं, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

रेडिओ माझा, त्यामुळे बातमी आधी माझ्याच कानावर यायची. त्या दिवसांत इंग्लंडचा क्रिकेट संघ आलेला, त्याचं कवतिक संपलं की शेवटच्या अर्ध्या मिनिटात फुटबॉल. सिंगापूरकडून हरलो. सगळा बाक नानांकडे वळला. नाना बशीतला चहा फुंकत म्हणाले, "आखो तीन सामना बाकी शेतस." अमिरातीकडून हरलो. "आखो दोन सामना बाकी शेतस." हमाल पोरं मुद्दाम मोठ्यानं विचारत, "नाना, आता रस्ता कसा?" आणि नाना खरंच उठून, पत्र्यावर बोट ठेवून सांगत. दोन्ही जिंकले तर चार गुण, अमुक तमुककडून हरला तर... त्या 'तर'ची माळ ऐकून माझं डोकं दुखायचं, पण त्यांच्या आवाजात कधी ओशाळलेपण आलं नाही.

मग इराणशी सामना झाला आणि निवेदकानं सांगितलं, शून्य-शून्य, बरोबरी. मी चहा गाळता गाळता थांबलो. नाना उभे राहिले आणि ओरडले, "लाभ!" असं ओरडले की पलीकडच्या ओट्यावरचा मापाडी मोजणी चुकला आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. "इराणले रोकं का नही आपला पोरेसनी? बोला आते!" त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, जिंकायला पाहिजे राव या माणसानं.

चीनकडून हरलो. संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रॉकेलचा बोळा घेऊन पत्रा पुसायला उभा राहिलो. म्हटलं, नाना यायच्या आत हे निघालं पाहिजे, लोकांनी त्यांचा तमाशा करायला नको. तेवढ्यात मागून सायकलची घंटी. "पुसू नको!" एवढ्या जोरात ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. "मापाडीनी चिठ्ठी कधी पुसायेल दखी का? चुकनं तं पुसानं नही. रेघ मारानी, बाजूले खरं लिखानं, आनि खाले सही."

मी कुंचला दिला. एव्हाना अप्पांसकट अर्धं आवार जमलं होतं. नानांनी 'सिंगापूर, जीत' वर आडवी रेघ मारली, बाजूला 'हार' लिहिलं. अमिरातीचंही तसंच. इराणपाशी आले आणि कुंचला तसाच पुढे नेला. चीनपाशी आले, तिथंही थांबले नाहीत. चारातली दोन मापं बरोबर निघाली होती, हे आम्हाला सगळ्यांना तेव्हा दिसलं. मग 'भारत उपांत्य फेरीत' वर रेघ मारली. ती मारताना त्यांचा हात जरा रेंगाळला. खाली सही केली आणि वळून म्हणाले, "चूक मनी शे. पोरेसनी नही. पुढनी बारीले परत मापसू, आनि परत उपांत्य फेरीच लिखसू. कोनले हासानं व्हई तं हासी ल्या."

कुणी हसलं नाही. नाना अप्पांच्या ओट्याकडे न जाता माझ्या बाकावर येऊन बसले. शब्द दिला होता.

अप्पांनी दुसरा मापाडी उभा केला. पहिली गाडी धरणगावकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. त्यानं जू सोडलंच नाही. "नाना मापतीन तं माल उतरी, नही तं गाडी परत लई जासू."

"अहो आबा, आमची पैज लागलीय," अप्पा म्हणाले.

"पैज तुमनी दोन्हीसनी. आमनी सही कोठे शे पत्रावर?" म्हातारा गाडीवरून हलला नाही. "जो म्हानूस सगळास्ना देखत सोतानी चूक लिखस, तो मना मालनं माप खोटं कसाले करी?"

त्याच्या मागची गाडी थांबली, तिच्या मागची थांबली. दुपारपर्यंत ओटा रिकामा. नाना माझ्याकडे तिसरा चहा पीत होते आणि मान वर करून तिकडे बघतही नव्हते. शेवटी अप्पा आले, बाकाच्या टोकाला टेकले. "चला नाना. झालं गेलं गंगेला मिळालं."

"मी कसा येऊ? पत्रावर काटा बंद लिखेल शे."

"मग मारा त्यावर रेघ."

"मी कसाले मारू?" नाना शांतपणे म्हणाले. "ज्यानं माप, त्यानीच रेघ."

अप्पा उठले. सगळ्या आवारादेखत त्यांनी आपल्या ओळीवर रेघ मारली, बाजूला लिहिलं, 'काटा चालू', आणि खाली सही केली. नाना चहा संपवून, गुडघा धरून उठले आणि काट्यावर गेले. "लाभ!" ही हाक ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर झाला होता असं मी तेव्हा सांगितलं, पण स्टोव्ह बंद होता.

पुढे दर चार वर्षांनी नाना रंगाचा डबा घेऊन येत राहिले. संघ स्पर्धेपर्यंतही पोचेना, तर नाना रस्ता पात्रता फेरीपासून लिहायला लागले. पत्र्यावर मापं आणि रेघा वाढत गेल्या. आवारात बटणांचे काटे आले, लाल आकडे दाखवणारे. नानांनी आठवडाभर त्यांच्याकडे संशयानं पाहिलं आणि मग काम सोडलं. तरी चहाला यायचे. मी मधल्या काळात बी.कॉम. काढलं. पेढे घेऊन पिंप्राळ्याला गेलो, तर म्हणाले, "कितवी बारी?" चौथी, मी म्हटलं. "रेघा मारीसन गया ना? बेस!"

शेवटचा रस्ता लिहायला आले तेव्हा त्यांना स्टुलावर चढवेना. मी कंबर धरली, त्यांनी लिहिलं. अक्षर हललं होतं, मजकूर तोच, 'भारत उपांत्य फेरीत'. सामने सुरू व्हायच्या आधीच, एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी तिरडीला खांदा दिला. अप्पांनी त्या दिवशी ओटा बंद ठेवला.

संघ पात्रता फेरीतच गारद झाला. बातमी ऐकली आणि मी कुंचला काढला. नाना असते तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी रेघ मारली असती, त्यांच्या नावावर खोटं माप राहू नये असं मला मनापासून वाटत होतं. स्टुलावर चढलो, रंगात कुंचला बुडवला.

"उतर खाली," बाकावरून अप्पा म्हणाले. आता त्यांनाही काठी लागली होती. "तुझं माप आहे का ते?"

"पण अप्पा, संघ हरला ना."

"हरू दे." त्यांनी काठी जमिनीवर आपटली आणि आयुष्यात पहिल्यांदा नानांच्या बोलीत बोलले, "ज्यानं माप, त्यानीच रेघ."

मी खाली उतरलो. पुढे दुकान पक्कं बांधलं, तेव्हा तो पत्रा कापून आतल्या भिंतीला ठोकला. कुणी विचारलं, ही शेवटची ओळ चुकीची आहे, सुधारत का नाही, तर मी सांगतो, सुधारणारा येईल तेव्हा बघू. तोवर माझ्या दुकानात भारत उपांत्य फेरीत आहे.