खवीस मिस्त्रींचा राग

खवीस मिस्त्री आधी मालकाला झापायचे, मग बिघडलेल्या मशीनला हात लावायचे. हा क्रम कधी चुकला नाही. खामगावात बायपासला माझं सुट्या भागांचं दुकान आहे. पोकलेनचे फिल्टर, पाइप, सेन्सर, असलं सगळं. वडिलांच्या मागे मीच चालवते. काउंटरवर बाई बसलेली पाहून आजही काही शहाणे विचारतात, "घरी कोणी माणूस नाही का?" अशाच एकाला मिस्त्रींनी माझ्यादेखत सुनावलं होतं, "काऊन बे, हे पोरगी तुले कपाट दिसून राह्यली का?" तेव्हापासून मी त्यांना काका म्हणायला लागले आणि ते मला माय. बाकी सगळे त्यांना खवीसच म्हणायचे. तोंडावर नाही अर्थात, तेवढी कोणाची छाती!

आमच्याकडे नवी कोरी पोकलेन घेणारे थोडे. दुसऱ्याने राबवून राबवून पिळलेली मशीन आणायची, वरून रंग मारायचा, पुढे लिंबू-मिरची बांधायची आणि विहिरी, शेततळी खोदायला लावायची. मग एक दिवस सीटजवळच्या छोट्या पडद्यावर एक नंबर उमटतो आणि मशीन मरगळते. त्या नंबराला कोड म्हणतात. कुठली वायर, कुठला सेन्सर कुरकुरतोय, ते तो कोड सांगतो. पण सरळ सांगितलेलं ऐकतील तर ते आपले लोक कसले! पाहुणे यायच्या आधी घर झाडून ठेवावं, तसे हे मिस्त्री यायच्या आधी बॅटरीची वायर काढून कोड पुसून ठेवायचे. काका येऊन बघतात तर पडदा साफ आणि मालक हसतमुख. मग जो भडका उडायचा! "मशीन बोलून राह्यली, अन् तू तिचं तोंड दाबून राह्यला! डाक्टरकडं जाताना ताप घरी ठिवून जातं का बे?"

दसऱ्याचं तर विचारूच नका. काका दसऱ्याला दीक्षाभूमीवर असायचे. इकडे लोक पूजेसाठी मशीन धुवायला घ्यायचे, आणि धुवायचे कसे, तर प्रेशरच्या पाण्याने, थेट इंजिनाच्या आत, वायरींच्या जोडांवर. पडद्यालासुद्धा हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी निम्म्या मशीनी बंद! नागपूरहून परतताना गाडीतच काकांचा फोन वाजायला लागायचा आणि काका सगळ्या डब्याला ऐकू जाईल असे ओरडायचे, "देवीनं सांगतलं होतं का तुले, वायरीत पाणी घाल म्हणून?" मग दोन-चार दिवस काका गावोगाव फिरून, वायरींचे जोड उघडून वाळवत बसायचे. तोंड चालूच.

त्यांची आणखी एक रीत होती. मालक बोलायला लागला की हात वर करून म्हणायचे, "तुमी गप बसा. जो मशीनवर बसते तो बोलन." मग ड्रायव्हरला खाली बसवून सगळं विचारायचे. आवाज कधी बदलला, चढावर की उतारावर, गार असताना की तापल्यावर. मशीन मालकाची असली तरी तिच्या पोटातलं ड्रायव्हरलाच कळतं, हा त्यांचा हेका. पण त्याच ड्रायव्हरवर ते उखडायचेही, आणि कधी कधी साफ चुकीचे. एकदा वायर कापलीस म्हणून एकाची पार खरडपट्टी काढली, आणि निघाला उंदीर. माफी? छे! दुसऱ्या दिवशी घरून त्याच्यासाठी ठेचा-भाकर आणली आणि "खाय मुकाट" म्हणाले.

एका गोष्टीवर मात्र ते रागवायचे नाहीत, पेटायचे. पोकलेनमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या हाताला एक लाल दांडी असते. उतरताना ती वर उचलली की मशीन लॉक होते. मग हँडलला धक्का लागला तरी काही हलत नाही. त्या दांडीखाली एक बटण असतं. ते बिघडलं की मशीन कामच करत नाही. नवं बटण घालायचं सोडून आपले लोक काय करतात? दोन वायरी जोडून टाकतात. मशीन चालू! दांडी वर करा नाहीतर खाली, तिला फरक पडत नाही. काका प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच विचारायचे, "दांडीले वायर टाकली का? खरं सांग." टाकलेली निघाली तर त्या माणसाचं काही खरं नसे. म्हणून हळूहळू लोक काय शिकले असतील? वायर न टाकायला नव्हे. "नाही" म्हणायला.

उंद्रीकडच्या एका मालकाने असंच "नाही" म्हटलं. पंपाच्या सेन्सरचा कोड येत होता. काका मशीन ज्यावर चालते त्या लोखंडी चेनवर उभे राहून, बाजूचं दार उघडून, आतली एकेक वायर हलवून बघत होते. इंजिन चालू, दांडी वर. मालक केबिनमध्ये वाकून पडद्यावरचा नंबर वाचून सांगत होता. त्याचं कोपर हँडलला लागलं आणि मशीनचं वरचं धूड गर्रकन फिरलं. काकांचा पाय चेन आणि त्या धुडाच्या मध्ये सापडला. शेवटी गुडघ्याखालून कापावा लागला.

अकोल्याच्या दवाखान्यात मी गेले, तेव्हा तो मालक नारळपाणी घेऊन आलेला. खाली मान घालून म्हणतो, "तुमच्या शिव्यांचं भेव वाटलं काका, म्हणून नाही म्हनलो." माझ्या अंगाची लाही लाही झाली. नर्सने बाहेर काढेपर्यंत मी त्याला बोलत होते. आणि काका? ते छताकडे बघत हळूच म्हणाले, "जाऊ दे माय. मी भेव घालत होतो, लोकं लपवत होते. माहीच चूक हाय." त्या मालकाचा राग आलाच होता, पण त्या वाक्याचा त्याहून जास्त आला.

तेव्हापासून काका घरीच असतात. कोणी फोनवर कोड विचारला तर "बरं बरं, बघा बापा तुमच्या हिशोबानं" म्हणतात. भेटून आलेले लोक मला कौतुकाने सांगतात, "मिस्त्री किती शांत झाले हो!" शांत म्हणे! भरल्या घरात माणूस विझत चाललाय आणि यांना तो शांत दिसतो. काकू मला फाटकापाशी सोडायला आल्या की म्हणायच्या, "भाजीत मीठ नसलं तरी बोलत नाहीत गं, मुकाट जेवतात."

परवा तोच मालक फिल्टर मागायला दुकानात आला. मी विचारलं, "दांडीची वायर काढली?" तर हसून म्हणतो, "काढतो ना ताई, एवढा सीझन जाऊ द्या." त्याला फिल्टर दिला नाही. चार गिऱ्हाइकांसमोर हाकलला आणि दुकान नोकरावर टाकून तडक काकांकडे गेले. सांगावं की नाही, असा विचारही केला नाही. सगळं सांगितलं.

काका पलंगावर उठून बसले. मग म्हणाले, "त्याच्या मशीनवर आता डायवर कोण बसते?"

"माहीत नाही काका."

"माहीत नाही म्हंजे?" आवाज चढला. "अवं, तो दुसऱ्या दुकानातून फिल्टर घेईन अन् उद्या मशीन लावन! जो वर बसते, त्याले तरी कोणं सांगतलं का? तू विचारलं काऊन नाही? फिल्टर नाही देला म्हणून लय मोठं काम केलं का?"

शेजारची दारं उघडली. काकू पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मी मान खाली घालून ऐकत होते, रडू आवरत नव्हतं, आणि काका पलंगाच्या काठाला धरून एका पायावर उभे राहत ओरडत होते, "रडून काय राह्यली? शोध तो डायवर अन् लाव त्याले फोन!"