सोळावी भाजी

डबा उघडायचा, आत डोकावायचं, झाकण लावायचं आणि झाकणावर बोटानं दोनदा टकटक करायची. मग म्हणायचं, "संपलं. बरं झालं!"

आमच्या शेजारच्या काकूंचा हा रोजचा कार्यक्रम. तुमच्या-माझ्या घरात ऐन वेळी साखर संपली की कपाळाला आठ्या पडतात आणि कुणाला तरी दुकानात पिटाळलं जातं. काकूंच्या घरात काही संपलं की त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी यायची. किराणा दुकान आमच्या थेरगावच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच होतं, पण तिथे जाणं त्यांना हार पत्करल्यासारखं वाटायचं. "आणून कोणीबी करंल गं," त्या म्हणायच्या, "त्यात आपलं काय?"

काकू लातूरकडच्या. काका चाकणच्या बाजूला एका कंपनीत, तिन्ही शिफ्टमध्ये. मी कोकणातली, महाळुंग्याच्या कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत होती. भिंतीच्या अलीकडे माझा वजनकाटा आणि पलीकडे त्यांचा अंदाज.

माझ्या नोकरीचं स्वरूप सांगितल्याशिवाय माझा त्रास तुम्हाला कळायचा नाही. आमच्याकडे ड्रॉइंगमध्ये जे लिहिलंय तेच लागतं. साधा वायसर बदलायचा तरी गिऱ्हाइकाची लेखी परवानगी लागते. तिला आम्ही डेव्हिएशन म्हणतो, आणि ते नसेल तर माल गेटबाहेर जात नाही. दिवसभर हे करून घरी यायचं, तर दारात काकू वाटी घेऊन उभ्या. "खाऊन बघ. चिंच संपली होती."

"मग काय घातलंत?"

"आधी खा."

एकदा वैतागून मी त्यांना डेव्हिएशन समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग तुमच्या कंपनीत जेवण बनवायची पाळी आली तर सगळे उपाशीच मरायले म्हण की!" त्यानंतर मात्र वाटी देताना त्या प्रामाणिकपणे बजावायच्या, "आज डेव्हिएशन हाय बरं का."

टोमॅटो महागले तेव्हा त्यांच्या रश्शात पिकलेला पेरू आला. कलिंगडाच्या सालींचं थालीपीठ झालं. पुरणयंत्र मोडलं तर पुरण पिठाच्या चाळणीतून निघालं. हे सगळं मी गोड मानून घेतलं. पण एका उन्हाळ्यात त्यांनी मला सोलकढी दिली आणि पहिल्या घोटालाच मी थांबले.

"काकू, नारळ?"

"नारळ कुठला? दाणे भिजवून वाटले."

शेंगदाण्याची सोलकढी! आमच्या गावी हे कळलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. मी तसं त्यांना स्पष्ट सांगितलं, आणि मग दुसरा पेला मागितला. चव चांगली होती हे मी आजतागायत आईला सांगितलेलं नाही.

सगळंच साधायचं असंही नाही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी कुकरमध्ये मीठ पसरून केक केला. मैदा नव्हता म्हणून ज्वारीचं पीठ आणि ग्लुकोजची बिस्किटं, अंडी नव्हती म्हणून दही. इथवर ठीक होतं. पण अंड्याचा पिवळेपणा कुठून आणायचा? म्हणून त्यांनी हळद घातली. हळदीला सोडा भेटला आणि केक लालभडक निघाला. काकूंनी तो ताटात उलटा केला, सगळ्या बाजूंनी न्याहाळला आणि म्हणाल्या, "बेकरीत लाल केकला जास्तीचे पैसे घेतात." पोरांनी तो संपवला. मी मात्र एक घास खाल्ला आणि दोन पेले पाणी प्यायले.

काकांचं मत दोनच प्रकारचं असे. पदार्थ जमला की "खाण्यासारखं हाय." फसला की काही न बोलता ते लोणच्याची बरणी ओढत. त्या दिवशी त्यांनी केकबरोबर लोणचं घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई मोठी बिनधास्त. मीही तसंच समजत होते. पण भाद्रपद आला की काकू गप्प व्हायच्या.

त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात. आपण गौरी म्हणतो त्याच. मुखवटे गावी, थोरल्या जाऊबाईंच्या घरी. दरवर्षी काका-काकू तिकडे जात. नैवेद्याला पुरणपोळी, ज्वारीची आंबील आणि सोळा भाज्यांची मिळून एक भाजी. जाऊबाई कडक. सासूबाईंनी जे घालून दिलं त्यात तिळभर इकडचं तिकडे होता कामा नये. आणि काकूंनी नव्या नवरीच्या उत्साहात पहिल्याच वर्षी आंबिलीत ताकाऐवजी लिंबू पिळलं होतं. तेव्हापासून त्या दिवशी त्यांच्या वाट्याला भाज्या चिरणं आणि भांडी घासणं एवढंच यायचं.

"मला तिथं कोणी चुलीजवळ उभं करत नाही गं," त्या एकदा मला म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण ते हसणं खोटं होतं. "म्हणतात, हिच्या हातात देवाचं देऊ नका, ही त्याचं काय करंल नेम नाही. एक डाव नैवेद्य माझ्या हातचा व्हावा, एवढंच वाटतं. एक डाव."

तो डाव अचानक आला. जाऊबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पिंपरीत झालं आणि त्या थेरगावला काकूंकडे राहायला आल्या. भाद्रपदात त्यांना उभं राहता येईना, तेव्हा लुगड्यात गुंडाळून मुखवटेच थेरगावला आले. जाऊबाईंनी खुर्चीतूनच हुकूम सोडला, "यात तुझे चाळे चालायचे नाहीत. सगळं सासूबाईंनी सांगितलं तसंच."

त्या आठवड्यात आमच्या भिंतीपलीकडून टकटक ऐकू आली नाही. काकू डांगे चौकातून पिशव्या भरभरून सामान आणत होत्या. गूळ दोनदा आणला, न जाणो कमी पडला तर! आदल्या दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "उद्या तू ये. तुझ्या कंपनीत तपासतीस तसं तपास. मला माझा भरवसा नाही."

ऑडिटमुळे मला त्या वर्षी गणपतीला गावी जाता आलं नव्हतं, पण नेमकी त्या दिवशी एक सुट्टी मिळाली होती. मी सकाळीच गेले. वर्तमानपत्रावर भाज्या मांडल्या आणि आलेल्या मालाची तपासणी करावी तशी एकेक मोजली. पंधरा भरल्या.

"पडवळ राहिलं," काकू म्हणाल्या. "काल मिळालंच नाही. ह्यांना सांगितलंय, शिफ्ट सुटली की येताना घेऊन या म्हणून."

काका रात्रपाळी करून आले. डोळे तांबारलेले, हातात पिशवी. काकूंनी पिशवी उपडी केली. आतून दोडके पडले.

"पडवळ कुठाय?"

"संपलं म्हणाला," काका शांतपणे म्हणाले. "मग मी विचारलं, दुसरं काय हाय?"

एवढं चिडलेलं मी काकूंना कधी पाहिलं नव्हतं. "पडवळ म्हणलं की पडवळ! दोडका हाय की आपल्याकडं! देवाच्या कामात असलं चालतं का? तुम्हाला काही कळतं का?"

इतकी वर्षं ह्या घरात जे शिकले ते काकांनी इमानेइतबारे केलं होतं, आणि त्यावरच बोलणी खावी लागत होती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सवयीनं लोणच्याच्या बरणीकडे हात नेला. मला हसू आवरेना, पण काकूंचा चेहरा बघून मी ते गिळलं.

त्या खाली बसल्या होत्या, भाज्यांसमोर. डोळे भरले होते. बाहेर मुखवटे सजून उभे होते, पुरण शिजत होतं आणि शेजारच्या खोलीत जाऊबाई खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या. मी हळूच म्हटलं, "काकू, नाही तर नाही. घरात काय आहे?"

"यात नाही चालत," त्या म्हणाल्या. मग मी सुचवलं की गपचूप काहीतरी घालू, शिजल्यावर कोणाला कळतंय. क्वालिटीतली बाई असून मी हे बोलले, यावरून माझी अवस्था ओळखा. पण काकूंनी नाही म्हणून मान हलवली. उठल्या, पदरानं तोंड पुसलं आणि थेट जाऊबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आक्का, पडवळ मिळालं नाही. पंधराच झाल्या."

मी दाराआड उभी. आता बोलणी बसणार, मुखवटे परत लुगड्यात जाणार, असंच मला वाटलं. जाऊबाईंनी दुखऱ्या गुडघ्यावरचा हात काढला, काकूंकडे बघितलं आणि विचारलं, "मग काय हाय घरात?"

ज्या बाईला हा प्रश्न जन्मभर पाठ, तिलाच उत्तर येईना. शेवटी चाचरत म्हणाल्या, "पेरू हायत. कच्चे."

"घाल."

"आक्का?"

"दुष्काळात सासूबाईंनी कच्ची पपई घातली होती. काही झालं नाही. महालक्ष्म्या जेवल्या, आम्हीबी जेवलो."

"मला कधी सांगितलं नाही ते?"

"तुला सांगितलं असतं," जाऊबाई म्हणाल्या, "तर तू दुसऱ्याच वर्षी सोळाच्या सोळा बदलल्या असत्यास!"

माझा जीव भांड्यात पडला. काकू स्वयंपाकघरात आल्या त्या धावतच. पेरू चिरताना त्यांचे ओठ हसत होते. टकटक करायला जवळ डबा नव्हता, म्हणून बहुतेक त्यांनी ओट्यावरच दोन टिचक्या मारल्या.

नैवेद्य दाखवून झाला. पानं वाढली. काका पहिला घास घेऊन म्हणाले, "खाण्यासारखं हाय." बरणी ओढली नाही. जाऊबाई हळूहळू, एकेक घास चावून जेवत होत्या. काकू समोर वाढपाचा डाव घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांनी स्वतः सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मध्येच जाऊबाई थांबल्या. त्यांनी दातांतून काहीतरी काढून पानाच्या कडेला ठेवलं.

"पेरूची बी."

काकूंचा चेहरा उतरला. "गडबडीत बिया काढायच्या राहिल्या, आक्का."

"पुढच्या वर्षी काढ," जाऊबाई म्हणाल्या आणि भाजीसाठी पान पुढे सरकवलं.

पुढच्या वर्षी! काकूंनी डाव तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. आणि त्या रडायलाच लागल्या. मीही त्यांच्याबरोबर रडले, आणि काका दोघींकडे बघून म्हणाले, "अगं, वाढ की त्यांना."

मुखवटे गावचे होते, ते गावी परत गेले. जाऊबाईंचा गुडघा काही पूर्वीसारखा झाला नाही. काका रिटायर झाले तेव्हा जाऊबाईंनीच काकूंना निरोप धाडला, आता महालक्ष्म्यांचं तू बघ, कायमचंच ये. काकू ज्याची इतकी वर्षं वाट बघत होत्या तेच मिळालं होतं, मग मी तोंड पाडून कशी बसणार? मी हसून सामान बांधू लागले. आता दर भाद्रपदात त्यांचा फोन येतो. "बिया काढल्या," म्हणतात आणि मी काही विचारायच्या आत मलाच विचारतात, "तुझ्याकडं काय संपलंय?"

त्या गावी गेल्या तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. खाली टेम्पो भरला होता. काका ड्रायव्हरशेजारी बसून हॉर्न वाजवायला लावत होते. रिकाम्या स्वयंपाकघरात मी आणि काकू. ओट्यावर एकच डबा राहिला होता, साखरेचा. काकूंनी सवयीनं तो उघडला, आत डोकावल्या, झाकण लावलं. टकटक केली.

"संपलं," म्हणाल्या.

मी वाट बघत राहिले.

"पुढचं म्हणा की, काकू."

"जा, नाही म्हणत," काकू म्हणाल्या, आणि तो रिकामा डबा माझ्या हातात देऊन जिना उतरायला लागल्या.