तिन्ही गोल भरा

दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची मला सवय आहे. नवरा त्याला भोचकपणा म्हणतो, मी कुतूहल म्हणते. त्यामुळे समोरच्या अपार्टमेंटमधली माझी नागपूरची मैत्रीण एका रविवारी दारात येऊन म्हणाली, "ताई, मी स्कूल बोर्डाच्या इलेक्शनला उभी होऊन राहिली. अर्जावर तुमची सही लागते," तेव्हा सही करायच्या आधी मी तिला आत बसवून चहा दिला आणि तासभर उलटतपासणी घेतली.

स्कूल बोर्ड म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ. पगार नाही, पक्षाचं चिन्ह नाही, महिन्यातून एक-दोनदा संध्याकाळी मीटिंग आणि लोकांच्या शिव्या मात्र बारमाही. यंदा तीन जागा होत्या आणि उमेदवार चार. म्हणजे फक्त एकच जण पडणार होता. मला हे गणित फार सोपं वाटलं.

ती उभी राहिली ती बससाठी. न्यू जर्सीतलं आमचं गाव पिस्कॅटवेपासून पंधरा मिनिटांवर आहे. आमच्या कॉम्प्लेक्सपासून शाळा दोन मैलांच्या आत, त्यामुळे मुलांना बस द्यायलाच हवी असा कायदा नाही. इतकी वर्षं बोर्ड आपणहून देत होतं, गेल्या वर्षी बंद केली. वाटेत अर्धा मैल हायवेच्या कडेने चालावं लागतं आणि तिथे फुटपाथ नाही. तिची मुलगी सहावीत. नवरा सकाळीच जर्सी सिटीची ट्रेन पकडतो, हिची फार्मसीतली शिफ्ट सातला सुरू होते. मुलगी कॉम्प्लेक्समधल्या आणखी तिघांबरोबर चालत जायची. मैत्रीण बोर्डाच्या मीटिंगमध्ये उठून तीनदा बोलली आणि तीनही वेळा तिला "थँक यू फॉर युअर कमेंट" एवढंच उत्तर मिळालं.

"चौथ्यांदा आता मीच त्या टेबलाच्या पलीकडे बसते," ती म्हणाली. मी सही केली.

मी नुकतीच सिटिझन झाले होते आणि हे माझं इथलं पहिलंच मतदान. मला सगळ्याचंच अप्रूप. इकडे ना भोंगा, ना गुलाल. उमेदवार आपल्या नावाची छोटी पाटी लोकांच्या लॉनमध्ये खोचतात आणि निघून जातात. मी रोज फिरायला जाताना लॉन वाचायला लागले. एका घरासमोर चारही उमेदवारांच्या पाट्या ओळीने लावलेल्या होत्या. मला राहवेना, मी सरळ बेल वाजवली. ऐंशीच्या घरातल्या आजींनी दार उघडलं. "चौघांनीही नीट विचारलं, मग नाही कशी म्हणू?" त्या म्हणाल्या. मला त्या बाई एकदम आपल्यातल्या वाटल्या.

ऑक्टोबरमध्ये शाळेच्या कॅफेटेरियात चौघांना बघायचा कार्यक्रम झाला. पहिल्या रांगेत एक बाई हातात पिवळं आणि लाल कार्ड घेऊन बसली होती. प्रत्येकाची बोलायची दोन मिनिटं संपत आली की पिवळं, संपली की लाल. एक डेंटिस्ट होते, आधीपासून बोर्डात असलेले, बोलताना लोकांच्या दातांकडे बघणारे. एक घरं विकणाऱ्या बाई होत्या, त्यांना गावातल्या प्रत्येक घराला किती बाथरूम आहेत ते पाठ असावं. एक निवृत्त बँड शिक्षक होते. चौथी आमची. उसना ब्लेझर घालून ती उभी राहिली आणि तिचा आवाजच फुटेना. माईक तिच्या कपाळाच्या उंचीवर होता. बँड शिक्षकांनी उठून तो खाली घेतला, स्वतःचा पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि जागेवर जाऊन बसले. मग मात्र ती बोलली. त्या रस्त्याने पोरांना सव्वीस मिनिटं लागतात, थंडीत गवतावर बर्फ साचतो तेव्हा ती डांबरावरून चालतात, एवढंच तिने सांगितलं. डेंटिस्ट आणि घरं विकणाऱ्या बाई म्हणाले, बजेटमध्ये बसत नाही. बँड शिक्षक म्हणाले, अभ्यास करावा लागेल. माणूस मला फार आवडला.

मग पोस्टाने मतपत्रिका आल्या. कागद, चार नावं, प्रत्येक नावापुढे एक लंबगोल, काळ्या किंवा निळ्या पेनाने भरायचा. वर छापलं होतं, जास्तीत जास्त तिघांना मत द्या. ते बघून माझ्यातली जुनी बाई जागी झाली. इकडे मी गावच्या लायब्ररीत पुस्तकं देते-घेते, पण त्याआधी साताऱ्यात अकरा वर्षं गणित शिकवलं आहे. कोणतेही तीन प्रश्न सोडवा म्हटलं की तीन सोडवायचेच, येत नसला तरी काहीतरी लिहून यायचं, पेपर कोरा ठेवायचा नाही, हे मी शेकडो पोरांच्या डोक्यात कोंबलेलं. मी टेबलाशी बसले आणि आमच्या मराठी ग्रुपवर मेसेज लिहिला.

"सर्वांनी लक्ष द्या. गोल पूर्ण भरा, टिक करू नका. जागा तीन आहेत, तेव्हा तिन्ही गोल भरा, एकही रिकामा सोडू नका. पहिला गोल आपल्या मैत्रिणीचा. उरलेले दोन तुमच्या पसंतीने. पाकिटावर सही विसरू नका."

अंगठ्यांचा पाऊस पडला. मैत्रिणीनेही हात जोडलेले पाठवले. मुलाकडे कायमचे राहायला आलेले, आता सिटिझनही झालेले एक काका आहेत, त्यांनी फोन केला. "काय हो, ते उरलेले दोन कोणते भरू? मी तर कुणालाच ओळखत नाही."

"काका, बँडवाले सर भरा," मी सांगितलं. "फार सभ्य माणूस आहे."

"बरं झालं सांगितलंत. मी बाकीच्यांनाही कळवतो."

निकालाला आठवडा लागला. डेंटिस्ट पहिले, बाई दुसऱ्या, तिसरे बँड शिक्षक. आमची चौथी. तिसऱ्या आणि चौथ्यातला फरक इतका थोडा होता की तेवढी माणसं आमच्या दिवाळीच्या फराळाला येतात. मला वाईट वाटलं, पण नशीब म्हणून मी ते सोडून दिलं.

दोन दिवसांनी लायब्ररीत परत आलेली पुस्तकं लावताना मी हे माझ्या सहकारी बाईंना सांगत होते. त्यांचा जन्म याच गावातला. त्यांनी विचारलं, "तू किती जणांना मत दिलंस?"

"तिघांना. तीन जागा होत्या ना!"

"मी तुझ्या मैत्रिणीचा एकच गोल भरला," त्या म्हणाल्या. "एकच माणूस निवडून आणायचा असेल तर बाकीचे रिकामे सोडायचे. नाहीतर आपण तिच्याच विरोधकांना मतं वाटतो."

माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. ज्या माणसाने तिला हरवलं, त्याच्या पारड्यात मतं मीच टाकली होती. माझं एक मत नव्हे. सगळ्या ग्रुपची, ठळक अक्षरात सूचना देऊन. संध्याकाळी मी घरी आले.

न सांगता राहणं माझ्याच्याने होईना. मी समोरची बेल वाजवली. ती भाजी चिरत होती, मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन होमवर्क करत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ती सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. आता ही मला घराबाहेर काढणार, असं मला वाटलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "मी पण तिन्ही भरले."

"काय?"

"खरंच. एक माझा. एक बँडवाल्या सरांचा, त्यांनी पाणी दिलं होतं न बाप्पा मला. आणि तिसरा गोल रिकामा पाहवला नाही, म्हणून डेंटिस्टचा."

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि हसू आवरेना. ती ओट्याला टेकून हसत होती, मी डोळे पुसत होते. स्वतःच्या विरोधात स्वतःच नीट गोल भरून, सही करून, पोस्टात टाकून आलेली बाई!

"वेट," सोफ्यावरून आवाज आला. मुलीने वही बाजूला ठेवली होती. "मॉम, यू व्होटेड फॉर देम?"

आईने हसतच मान हलवली.

"सो, नो बस?"

मैत्रिणीचं हसू थांबलं आणि मग तिला रडू आलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पुढची निवडणूक वर्षभर लांब होती आणि हिवाळा तोंडावर.

दुसऱ्या दिवशी मला कामावर दहाला जायचं होतं. मी सकाळी मुलांबरोबर निघाले. कुतूहल म्हणा किंवा प्रायश्चित्त म्हणा. कॉम्प्लेक्सच्या बाहेर पडेपर्यंत चौघं दंगा करत होती. हायवे आला तशी कुणी न सांगता एकामागे एक झाली आणि गप्प झाली. पहिला ट्रक बाजूने गेला तेव्हा माझा स्कार्फ तोंडावर आला आणि मी जागच्या जागी उभी राहिले. या रस्त्यासाठी मी सही केली होती, भाषण ऐकलं होतं, मेसेज लिहिला होता. पायाखाली तो मी पहिल्यांदाच घालत होते. मला माझीच भयंकर लाज वाटली.

पुढे चालणारी ती मुलगी मागे वळली. माझ्याकडे बघून परत आली, माझं कोपर धरून तिने मला गवताच्या बाजूला सरकवलं आणि स्वतः ट्रकांच्या बाजूला झाली.

"मावशी, यू वॉक ऑन धिस साइड," ती म्हणाली. "यू आर न्यू."