तिसरा द्रोण

मी तेव्हा नागपूरला एम.ए. करत होते. नॉर्वेहून वर्षभरासाठी शिकायला आलेल्या एका मुलीला गडचिरोलीच्या जंगलातली माडिया आदिवासींची गावं बघायची होती, आणि मी तिकडच्याच मूल गावची म्हणून सरांनी मला तिच्यासोबत धाडलं. खरं तर हेमलकशाच्या पुढे मीही कधी गेले नव्हते; पण तिच्यापुढे जंगलातलीच असल्याच्या थाटात वावरत होते.

बसमधून उतरून दोन तास पायवाटेनं चाललो, तेव्हा भर दुपारी गाव आलं. आठ-दहा घरं. दारं सताड उघडी. एका चुलीवर भांडं रटरटत होतं, पण माणूस एकही नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. मी हाका मारत घराघरांत डोकावले.

"कोणी हाय का जी?"

माझाच आवाज मला परका वाटायला लागला. मी धावतच मागे फिरले.

ती गावाबाहेरच थांबली होती. चपला काढून, तळवे उघडे ठेवून मोहाखाली बसलेली.

"चल, परत जाऊ," मी म्हटलं.

"बस," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "माझे आजोबा रेनडिअर राखायचे. तिकडे पाहुणा तंबूपासून दूर बसतो. घरचे बघतात. मग बोलावतात."

मी बसले. तासभर पान हललं नाही. पण कुणीतरी बघतंय हे पाठीला कळत होतं. मग झाडांआडून माणसं निघाली, इतक्या जवळून की आमचे श्वासही त्यांना ऐकू गेले असतील.

पुढे आलेली म्हातारी अहेरीच्या बाजारात मराठी शिकलेली. "तू इकडचीच ना वो? घरात काऊन डोकावून राह्यली होती?" ती मला म्हणाली. "अनोळखी दिसला का आमी रानात जातो. हे पोरगी बसली, म्हणून आलो."

मला मान वर करवेना. म्हातारीनं आंबिलीचे तीन द्रोण मांडले.

"आमी दोघीच आहो, बाई."

"तिसरी हाय ना. पांढऱ्या केसांची, कमरेत वाकलेली. इच्या मांगं बसली होती."

मी हसत ते त्या मुलीला इंग्रजीत सांगितलं. ती हसली नाही. तिसरा द्रोण उचलून तिनं आपल्या मागे, सावलीत ठेवला. मग म्हणाली, ती नॉर्वेहून निघाली त्याच आठवड्यात तिची आजी वारली होती. हे तिनं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

परतताना पायवाटेवर ती माझ्या मागे, मध्ये एका माणसाची जागा सोडून चालत होती. मी मागे वळून पाहिलं नाही.